रविवारच्या डोंगराला कुंपण पडायच्या आधी ट्रेकर मंडळींना एकत्र कसं आणायचं?

वाटसरू_बेळगाव

नमस्कार मंडळी. वेंगुर्ला रोडकडचा, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेला डोंगर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे वाचा.

गेल्या रविवारी वर गेलो तर बैलगाडीच्या वाटेवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे. करवंदीच्या जाळ्या मुळासकट उपटून कडेला टाकलेल्या, मुळांची माती अजून ओली होती. पुढे पठारावर सिमेंटचे खांब रचून ठेवलेत आणि खडकांवर चुन्याच्या फुल्या मारल्यात. शेळ्या घेऊन आलेल्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "गाडीतनं माणसं येऊलेत, मोजूलेत, जाऊलेत. कोण हाय कोणाक ठावं?" गावात एक जण म्हणतो रिसॉर्ट होणार, दुसरा म्हणतो फार्महाऊसचे प्लॉट पडणार.

हे पठार गावचं गायरान आहे असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पावसाळ्यात वर पाणी धरतं, खाली झरे चालतात, गावची जनावरं तिथंच चरतात. बेळगावात ट्रेकिंगचे व्हॉट्सअॅप ग्रुप भरपूर आहेत. प्रत्येकात मेसेज टाकला. अंगठे आले, रडके चेहरे आले, "काहीतरी केलं पाहिजे" आलं. मग कुणीतरी पुढच्या रविवारचं पोस्टर टाकलं आणि विषय वर सरकून गेला.

दोन प्रश्न आहेत. या अंगठ्यांची माणसं कशी करायची? आणि आपण शहरातले लोक, गावच्या जमिनीबद्दल बोलायचा आपल्याला हक्क किती?

कुंदा_स्पेशल

गावाचं नाव लपवलंस खरं, पण तो करवंदीचा चढ म्हटल्याबरोबर निम्म्या बेळगावला कळलं. उरलेल्या निम्म्यांना वाटलं वैजनाथचा डोंगर. त्यांना तसंच वाटू दे की.

टिळकवाडीचे_काका

उत्साह बघून बरं वाटलं, पण जरा थंड पाणी ओततो. या शहरात निवेदन द्यायची एक ठरलेली पद्धत आहे. दहा-बारा जण डीसी ऑफिसच्या पायऱ्यांवर उभे राहतात, मध्ये कागद धरतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. त्या कात्रणाचा फोटो पुन्हा ग्रुपवर येतो. बास, आंदोलन संपलं. खानापूर रोडची झाडं आठवा. माझ्या शाळेच्या दिवसांत त्या रस्त्यावर दुपारी ऊन लागत नसे. रुंदीकरणाच्या वेळी हळहळ सगळ्यांनी केली. आता तिथून जाताना गाडीचा एसी वाढवतो.

मालती_चढण

काका, पण तुमच्या त्या फोटोत उभे राहणारे तरी पुढच्या तारखेला परत गेले होते का? मला वाटतं खरी गोम तिथं आहे.

माळावरचा

मी त्याच बाजूच्या गावचा. नाव नाही सांगत.

तुमी डोंगर वाचवूया म्हणतासा ते बरं हाय. पण आधी एक ऐका. आमच्या डोंगराचं रील कुणी टाकलं? "बेळगावजवळचं कुणाला माहीत नसलेलं ठिकाण" म्हणून. खाली लोकेशन. आमाला माहीत हाय की हो ते ठिकाण, आमच्या आज्याला बी माहीत होतं. त्या रीलनंतर रविवारी आमच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा न्हाई एवढ्या गाड्या. पाण्याच्या बाटल्या, वाढदिवसाच्या केकचे खोके, एकदा तर ड्रोनला भिऊन म्हशी बुजल्या आणि एक घळीत पडली. आणि माणसं बघूलेत म्हटल्यावर मागनं जमिनीचे एजंट आले. त्येनी बी तेच रील बघितलं असंल न्हवं?

तुमचा डोंगर रविवारचा. आमचा सोमवार ते शनिवार बी हाय.

कुंदा_स्पेशल

🙏 याच्यावर विनोद सुचत नाही.

वाटसरू_बेळगाव

माळावरचे भाऊ, ते रील आमच्या ग्रुपचं नाही, पण तुमच्या दृष्टीनं त्याला काही अर्थ नाही हे समजतं. हेल्मेट घातलेला प्रत्येक जण तिथं सारखाच दिसत असणार. तुम्हाला भेटता येईल का? गावात येऊन, गाड्या खाली लावून.

माळावरचा

या की. रविवार सोडून या.

जुना_कारकून

महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. भावना नंतर, आधी कागद बघा. "गायरान आहे असं ऐकलंय" याला ऑफिसात काडीची किंमत नाही.

फोनवर दिशांक ॲप घ्या. कर्नाटक सरकारचंच आहे, फुकट आहे. जीपीएस चालू करून खांब रचलेत तिथं उभे राहा. तुम्ही ज्या सर्व्हे नंबरात उभे आहात तो नंबर पडद्यावर येतो. दहा पावलं सरका, पुन्हा बघा. डोंगरावर जीपीएस थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे ॲपवरची रेघ म्हणजे हद्द नव्हे, हे लक्षात ठेवा. पण कुठल्या नंबरांचे उतारे काढायचे ते कळतं.

मग भूमीवरून, म्हणजे सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवरून, त्या नंबरांची पहाणी (उतारा) काढा. 9 नंबरच्या रकान्यात मालक कोण ते बघा. सरकार, गोमाळ (कर्नाटकात गायरानाला गोमाळ म्हणतात) असं असेल तर पाया पक्का. 11 नंबरात बोजे, हक्क, कोर्टाचे हुकूम लिहिलेले असतात, तो रकाना लोक वाचतच नाहीत. गावनकाशाची पीडीएफ भूमापन खात्याच्या साइटवर मिळते. त्यात जुनी गाडीवाट तुटक रेघांनी दाखवलेली असते. ती वाट कुठून कुठे जाते ते आजच्या जेसीबीच्या वाटेशी ताडून बघा. ट्रेकर मंडळी जीपीएसचे ट्रॅक काढतच असता, तेच इथं वापरा.

आता महत्त्वाचं. गोमाळाची जमीन किती राखायची हे गावातल्या जनावरांवर ठरतं. कर्नाटक लँड रेव्हेन्यू रूल्स 1966, नियम 97: दर 100 जनावरांमागे 12 हेक्टर. जनावरं कमी झाली की "गरजेपेक्षा जास्त गोमाळ" असा शेरा पडतो आणि ती जास्तीची जमीन दुसऱ्या कामाला द्यायला दार उघडतं. गायरानाला आधी कुंपण पडत नाही, आधी कागदावरची जनावरं कमी होतात.

पाखरू

बापरे. म्हणजे डोंगर वाचवायचा तर म्हशी मोजायच्या?

जुना_कारकून

होय. हसण्यासारखं वाटतं, पण फाईल तशीच चालते.

माळावरचा

आमच्यात बैल हाताच्या बोटावर मोजण्याएवढे राहिलेत. ट्रॅक्टर आले. पण म्हशी हायत, डेअरीला दूध जातंय. शेळ्या तर लई. पशुगणनेला माणूस आला तेव्हा आमच्या वाड्यात कोण नव्हतं, शेजारच्याला विचारून लिवून गेला म्हणे.

जुना_कारकून

मग पहिलं काम तेच. व्हेटर्नरी दवाखान्यात लसीकरणाची नोंद असते, डेअरीच्या सोसायटीकडे सभासदांची असते. गावानं घरोघरी मोजून ग्रामसभेत वाचून दाखवायचं आणि ठरावात आकडा घालायचा. शहरातल्यांनी मोजायला जाऊ नये, फार तर वही धरावी.

डेन्व्हरची_शहापूरकरीण

मी मूळची शहापूरची, आता कोलोराडोत. इथला ताजा किस्सा सांगते, जरा मोठा आहे.

2025 च्या उन्हाळ्यात इथल्या सिनेटमध्ये युटाहच्या सिनेटर माइक ली यांनी बजेटच्या बिलात एक कलम घातलं: पश्चिमेकडच्या 11 राज्यांतली 20 ते 30 लाख एकर सरकारी जमीन विकायला काढायची. इथं डोंगर, जंगल, माळ यांतला मोठा भाग केंद्र सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा. त्यावर कुणीही चालावं. हायकर लोक खवळले, ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्याबरोबर शिकारी, मासे पकडणारे, घोडेवालेही खवळले. एरवी हायकर आणि शिकारी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. राजकारणही उलट्या टोकाचं. मोंटाना राज्य तर आधीच यादीतून वगळावं लागलं होतं, कारण तिथले रिपब्लिकन नेतेच विरोधात होते. लोकांनी आपापल्या सिनेटरच्या ऑफिसात फोन लावून लावून लाइन जाम केल्या. जूनच्या शेवटी ली यांनी कलम मागे घेतलं.

माझ्या ऑफिसातला एक जण हरणाच्या शिकारीला जातो, त्याच्याशी मी त्याआधी कधी धड बोललेही नव्हते. सांगायचं म्हणजे नुसत्या हायकरांच्या गर्दीनं हे झालं नसतं. जमीन वेगवेगळ्या कारणांनी वापरणारे सगळे एका बाजूला आले, तेव्हा झालं.

कुंदा_स्पेशल

आम्ही शिकारी कुठून आणायचे? सापडला तर आधी फॉरेस्टवाले त्याला उचलतील, मग आम्हाला.

डेन्व्हरची_शहापूरकरीण

अरे बाबा, तुमचे शिकारी म्हणजे ते शेळ्यावाले आजोबा!

कॅसलरॉक_पॅसेंजर

डेन्व्हरपर्यंत कशाला जायचं, आपल्या उशाला मोले आहे, गोव्यातलं अभयारण्य. तिनईघाट ते कॅसलरॉक ते कारंझोळ रेल्वेचं दुपदरीकरण, त्याबरोबर वीजवाहिनी आणि हमरस्ता. 2020 मध्ये कोविडच्या काळात गोव्यातल्या लोकांनी उचलून धरलं. विद्यार्थी, चित्रकार, शास्त्रज्ञ, गावचे शेतकरी. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदोरला हजारो माणसं रात्री रेल्वे रुळावर बसली होती. पण तेवढ्यावर भागलं नाही. कागदही चालूच होता. सुप्रीम कोर्टाच्या सीईसीनं, म्हणजे केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं, प्रकरण तपासलं, दुपदरीकरणाच्या विरोधात अहवाल दिला, आणि 9 मे 2022 ला कोर्टानं त्या रेल्वेमार्गाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. कॅसलरॉक कर्नाटकात आहे, पण आपण बेळगावचे ट्रेकर तेव्हा काय करत होतो? दूधसागरचे फोटो टाकत होतो.

सायकलवाला_अनगोळ

आणि 2023 च्या जुलैत दूधसागरला आरपीएफनं, म्हणजे रेल्वेच्या पोलिसांनी, ट्रेकर मंडळींना उठाबशा काढायला लावल्या, त्याचेही व्हिडिओ टाकत होतो 😄

कुंदा_स्पेशल

त्या व्हिडिओत आमचा एक मित्र तिसऱ्या रांगेत दिसतो. अजून लग्नात त्याला तोच विषय काढून छळतात.

रानवाट_खानापूर

सगळं बाजूला ठेवून सरळ उपाय सुचवतो. पठार वनखात्याकडे द्या. एकदा फॉरेस्ट झालं की रिसॉर्ट, प्लॉट, सगळं बंद. भीमगड बघा. 2011 च्या शेवटी अभयारण्य झालं, 190 चौरस किलोमीटर. बारापेडे गुहेतली ती दुर्मिळ वटवाघळं, राउटनची म्हणतात ती, तिथूनच 1913 मध्ये पहिल्यांदा जगाला कळली. आज तिथं प्लॉट पडत नाहीत ते अभयारण्यामुळे.

माळावरचा

आणि आमच्या शेळ्या?

रानवाट_खानापूर

चराईचं काहीतरी ठरवता येईल.

माळावरचा

"काहीतरी" म्हणजे काय ते आमाला माहीत हाय. भीमगडातल्या तळेवाडीचे माझे पावणे हायत. कुटुंबाला 15 लाख घेऊन बाहेर पडायचं ठरलं त्येंचं. रस्ता न्हाई, दवाखाना न्हाई, पोर आजारी पडलं तर चादरीत घालून आणायचं, म्हणून कंटाळून हो म्हणाले. बिल्डरनं कुंपण घातलं काय आणि फॉरेस्टनं चर खणला काय, शेळी बाहेरच.

रानवाट_खानापूर

भाऊ, तळेवाडी दाट जंगलात, वाघ-अस्वलांच्या वाटेवर. तुमचं पठार उघडं आहे. दोन्ही सारखं नाही.

माळावरचा

आमच्यासाठी सारखंच.

पाखरू

दोघांच्या मध्ये पडते. उघड्या माळाला झाडांचं जंगल करायला गेलो तर तिथले पक्षी जातात, हे आधी सांगू दे. त्या पठारावर माळटिटवी जमिनीवर अंडी घालते, रातवे आहेत, चंडोल आहेत, हिवाळ्यात भोवत्या येतात. चरलेलं आखूड गवत त्यांना लागतं. पावसाळ्याच्या शेवटी कातळावर सीतेची आसवं फुलतात, निळी झाक दिसते. "इथं काहीच नाही, नुसतं माळ" म्हणून खड्डे खणून रोपं लावायला जाणारेही आपल्यातच आहेत. कृपया वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठेवू नका.

ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, 2002 चा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते. तिच्या नोंदवहीत पठाराची नोंद झाली तर उद्या कोर्टात उपयोग होतो. पक्ष्यांची यादी मी देते, माझ्या नोंदी आहेत. गवतांची आणि औषधांची नावं गावातल्या बायकांकडून घ्यावी लागतील, त्या मला येत नाहीत.

सायकलवाला_अनगोळ

वृक्षारोपण नको, ड्रोन नको, रील नको. मग आम्ही करायचं काय, चालायचं फक्त?

पाखरू

चाललात तरी पुष्कळ. बाटली परत आणा.

चंदगडकर

हद्दीच्या पलीकडून लिहितोय. आमच्याकडे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय स्वतःहून घेतला. उद्देश चांगला. पण नोटिसा कुणाला आल्या? गायरानात पत्र्याची खोली बांधून राहिलेल्या भूमिहीन माणसांना. गावोगाव घबराट. तेव्हा "अतिक्रमण हटवा" अशी घोषणा देण्याआधी गायरानात कोण कोण आहे ते बघा. मोठ्याला कळायच्या आत गरिबाचं छप्पर जातं.

दुसरं, गडाबिडाचा विषय त्यात आणू नका. विशाळगडाच्या अतिक्रमणावरून 14 जुलै 2024 ला पायथ्याच्या गजापुरात ज्यांचा काही संबंध नाही त्यांची घरं फोडली. गर्दी गोळा करणं सोपं, परत पाठवणं अवघड.

वकील_कॅम्प

चंदगडकरांना दुजोरा. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब, सुप्रीम कोर्ट, 28 जानेवारी 2011. गावच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना काढा, सगळ्या राज्यांनी योजना करा असा हुकूम आहे, आणि पैसा किंवा राजकीय वजन वापरून झालेली अतिक्रमणं नियमित करू नका असंही. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जागा किंवा जिथं आधीच शाळा-दवाखाना आहे अशांना अपवाद ठेवलाय. अर्जात हा निकाल घाला, अपवादासकट घाला. कर्नाटक लँड रेव्हेन्यू ॲक्टच्या 192-अ कलमात सरकारी जमीन बळकावणं हा गुन्हा आहे, तेही.

जनहित याचिकेची घाई नको. आधी तहसीलदारांकडे लेखी अर्ज, पोच, मग स्मरणपत्र. कोर्ट पहिलं विचारतं, "खाली दाद मागितली होती का?"

आणि एक शक्यता ध्यानात घ्या. खांब रचलेत ती जागा खासगीही असू शकते. 2020 मध्ये लँड रिफॉर्म्स ॲक्टची 79-अ, 79-ब कलमं गेली, तेव्हापासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. डोंगरउतारावरच्या पड जमिनींना गिऱ्हाईक आलं ते त्यानंतर. विकत घेतलेल्या जागेत खांब रोवणं गुन्हा नाही.

बसवराज_एम

मी कन्नड माध्यमाचा, मराठी वाचतो, लिहिताना चुका होतात, सांभाळून घ्या. आमच्या ग्रुपमध्ये चाळीस टक्के कन्नडवाले, बाकी मराठी, दोघे उर्दूवाले. तुमचा मेसेज मराठीत आला म्हणून आमच्यातले अर्धे लोकांनी वाचलाच नाही. अर्ज कन्नडमध्ये करूया. तहसीलदार ऑफिसात केस वर्करला वाचायला सोपा झाला की टेबलावरून लवकर सरकतो. मी लिहून देतो.

सीमावासी_1956

अर्ज मराठीतच द्यायचा. भाषिक अल्पसंख्याक म्हणून तो आपला हक्क आहे. प्रत्येक ठिकाणी वाकायचं का?

माळावरचा

म्हशीला दोनी भाषा कळतात. दोनी द्या.

ॲडमिन

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो जोरात चालू आहे. तिकडे जा. इथल्या त्यापुढच्या चार प्रतिक्रिया हलवल्या आहेत.

मालती_चढण

मूळ प्रश्नाकडे येते. अंगठ्यांची माणसं कशी करायची?

आमचा बायकांचा ग्रुप आहे, पहाटे निघतो, नऊला घरी. एवढ्या वर्षांत कळलेली गोष्ट: ग्रुपवर "कोण कोण येणार?" असं विचारलं की कुणीच येत नाही. एकेकीला फोन करून "तू सव्वासहाला चन्नम्मा सर्कलला उभी राहा, तुझ्याकडे चहाचा थर्मास" असं सांगितलं की ती येते. काम वाटून दिलं पाहिजे आणि ते छोटं पाहिजे. मोर्च्याला या म्हटलं तर नवरा, सासू, ऑफिस सगळं आडवं येतं. "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पठाराच्या उत्तर कडेचे फोटो त्याच चार दगडांवरून काढ" म्हटलं तर कुणीही करतं. तारखेसकट फोटो साठत गेले की उद्या कुणी म्हणालं "खांब आधीपासून होते", तर आपल्याकडे उत्तर तयार.

प्रत्येक ग्रुपनं एक कडा घ्यावी. सायकलवाल्यांनी खालची वाट, कारण ते रोज त्या रस्त्यानं जातात. ज्याला कन्नड येतं त्यानं अर्ज. ज्याला काहीच जमत नाही त्यानं गाड्या गावाबाहेर लावायला सांगत उभं राहावं. भांडण होईल, पण होऊ दे.

आणि हक्काचा प्रश्न. ग्रामसभेत मत द्यायचा हक्क आपल्याला नाही. ती गावच्या मतदारांची. आपण मागे बसायचं.

टिळकवाडीचे_काका

मालतीताई, मला बिनकामाच्या म्हाताऱ्यांच्या यादीत टाकू नका. तहसीलदार ऑफिसात पोच घ्यायला मी जाईन. निवृत्त माणसाला रांगेत उभं राहायला वेळच वेळ, आणि शिक्का घेतल्याशिवाय मी हलत नाही हे घरच्यांना विचारा.

जुना_कारकून

काका, तुमच्यासारखे दोघे जरी रोज खिडकीशी आले असते तर आमच्या ऑफिसात फायली एवढ्या झोपल्या नसत्या. आम्ही घाबरायचो तुमच्यासारख्यांनाच.

वाटसरू_बेळगाव

गावाला जाऊन आलो, बुधवारी. आम्ही तिघं, माळावरचे भाऊ आणि गावातली पाच-सहा मंडळी देवळाच्या कट्ट्यावर. आधी तासभर रविवारच्या गाड्यांवरूनच झापलं. मग चहा आला.

उतारे काढले. चित्र आम्हाला वाटलं होतं तसं सरळ नाही. खांब आहेत तो सर्व्हे नंबर खासगी निघाला, मागच्या वर्षी विकला गेलाय, घेणारा बाहेरचा. वकीलसाहेबांचा अंदाज बरोबर. पण जेसीबीची वाट जाते ती शेजारच्या नंबरातून, आणि त्याच्या 9 नंबर रकान्यात सरकार, गोमाळ. गावनकाशात जुनी गाडीवाट आहे, मात्र ती खालून वळून जाते. आताची वाट पठाराच्या मधून कापून नेलीय, झऱ्याच्या डोक्यावरून. शिवाय चुन्याच्या फुल्यांपैकी काही गोमाळात पडतायत असं दिशांकवर दिसतं. म्हणजे कुंपण घालताना रेघ आत सरकवायचा बेत असेल, किंवा मोजणी ढिसाळ असेल. हद्द मोजल्याशिवाय कळणार नाही.

गावातही एकमत नाही. दोन घरांना वाटतं पक्का रस्ता झाला तर त्यांच्या शेताला भाव येईल. ते तोंडावर बोलले, हे मला आवडलं. ग्रामसभेत तीन गोष्टी मांडायचं बाकीच्यांचं ठरलंय: गोमाळाची सरकारी मोजणी करून दगड रोवून घ्यायचे, तोवर नव्या वाटेचं काम थांबवायचं, आणि जनावरांची गावानं केलेली मोजदाद ठरावात घालायची. जंगल खात्याला द्यायची सूचना कट्ट्यावर कुणालाच मान्य नव्हती.

आमच्यावर दोन अटी: ग्रामसभेपर्यंत एकही फोटो बाहेर टाकायचा नाही, आणि रविवारी गाड्या शाळेजवळ, देवळापुढे नाही.

रानवाट_खानापूर

फॉरेस्टला न देणं पुढे महागात पडेल असं माझं मत अजूनही आहे. पण मोजणीला माझा पाठिंबा. टेप घेऊन येतो.

माळावरचा

टेप सरकारी माणूस आणंल. तुमी जेवायला या. म्हशी मोजून झाल्या आमच्या गल्लीतल्या. शेळ्या एका जागी थांबत न्हाईत, उद्या करतो.

सायकलवाला_अनगोळ

शाळेजवळ गाड्या लावून घ्यायची ड्युटी आमची. पहिल्या रविवारी मी आणि अजून दोघं. शिव्या खायची तयारी ठेवलीय.

कुंदा_स्पेशल

शिव्या देणाऱ्याला कुंदा द्या. गप्प बसतो.

बसवराज_एम

कन्नड अर्जाचा मसुदा झाला, मराठी प्रत मालतीताई बघतायत. वाटसरू, पहाणीची प्रत नीट स्कॅन करून पाठव. तू टाकलेल्या फोटोत तुझा अंगठा आलाय, हिस्सा नंबर दिसत नाही.